बाबांचं क्रिएटिनिन १.६ आलंय, किती घाबरायचं?

पाचपाखाडीची_अनु

मंडळी, डोकं भणभणलंय म्हणून धागा काढतेय, आधी कुणी काढला असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

बाबा ६२ वर्षांचे, शुगर बरीच वर्षं आहे, बीपीची गोळी चालू. सोसायटीत एका लॅबचा कॅम्प लागला होता, ते फुल बॉडी पॅकेज असतं ना ते, सगळे ज्येष्ठ नागरिक रांगेत बसले रक्त द्यायला तसे बाबाही बसले. रिपोर्ट रात्री व्हॉट्सॲपवर आला आणि त्यात क्रिएटिनिन १.६, ठळक अक्षरात "हाय", बाजूला रेंज ०.७ ते १.३. त्याखाली ईजीएफआर म्हणून ४८ लिहिलंय. युरिया ४६. तीन महिन्यांची शुगर ७.८. बाकी बाबा ठणठणीत आहेत, रोज सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतात, पायावर सूज नाही, लघवीचा त्रास नाही, जेवण व्यवस्थित.

मी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर टाकला आणि मग जे सुरू झालं ते विचारू नका. आत्या म्हणतात आजपासून डाळ बंद. मामा म्हणतो रोज पाच लिटर पाणी प्यायला लावा, सगळं धुवून निघेल. एका चुलतभावाने तर काही न विचारता डायलिसिस सेंटरचा नंबरच टाकला. आई तेव्हापासून गप्प आहे आणि बाबा सगळ्यांवर चिडलेत. आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, गुरुवारी येणार.

४८ म्हणजे ४८ टक्केच किडनी उरलीय का? आणि गुरुवारपर्यंत थांबावं की आत्ताच मोठ्या हॉस्पिटलात न्यावं?

ऐरोलीकर

आधी एक ग्लास पाणी पी (पाच लिटर नको). १.६ ला कोणी रात्री ॲडमिट करत नाही गं. बाबांना उलट्या, धाप, लघवी एकदम कमी, झोपाळल्यासारखं, असं काही होत असेल तरच पळा. नसेल तर गुरुवार चालेल. जाणकार येतीलच.

लाल_झाकण

वाशीत लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे रिपोर्टच्या अलीकडचं सांगू शकतो, पलीकडचं डॉक्टर सांगतील.

क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा आहे. स्नायूत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो, तो रोज थोडा थोडा मोडतो, त्यातून क्रिएटिनिन बनतं, रक्तात येतं आणि किडनी ते गाळून लघवीत टाकते. समजा सोसायटीच्या गेटवर कचऱ्याचा ढीग दिसतोय. घंटागाडी नीट येत नाही म्हणून ढीग वाढला असेल, किंवा सोसायटीत माणसंच जास्त असतील. नुसता ढीग बघून कळत नाही. पैलवानाचा १.३ आणि सुकलेल्या आजींचा १.३ यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

म्हणूनच ईजीएफआर काढतात. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष एवढं घालून सूत्राने अंदाज बांधतात की किडनी मिनिटाला किती मिली रक्त गाळते. हल्ली २०२१चं सूत्र वापरतात. उदाहरण देतो म्हणजे पटेल. क्रिएटिनिन १.१, बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये बसतं, कोणी बघणार पण नाही. ३० वर्षांच्या पुरुषाला त्या १.१ वर ईजीएफआर येतो साधारण ९३. तोच १.१ जर ७२ वर्षांच्या आजींचा असेल तर येतो ५३. रिपोर्ट दोघांचाही "नॉर्मल"! त्यामुळे ज्या लॅब ईजीएफआर छापत नाहीत त्यांना मागून घ्या, त्याला वेगळं रक्त लागत नाही, नुसतं गणित आहे. अनु, तुझ्या बाबांचं ४८ बरोबर आहे, मी करून बघितलं.

आता लॅबच्या बाजूने काय घोळ होऊ शकतो ते. बऱ्याच ठिकाणी अजूनही याफे पद्धत चालते, १८८६ सालची आहे बरं का, पिक्रिक ॲसिडबरोबर केशरी रंग येतो तो मोजायचा. स्वस्त आहे म्हणून टिकलीय. पण त्यात कीटोन किंवा काही अँटिबायोटिक असली तर ती पण रंग देतात आणि आकडा फुगतो. एन्झाइमवाली पद्धत जास्त नेमकी. शिवाय आदल्या रात्री मटण हाणलं असेल तर शिजलेल्या मांसातलं क्रिएटिनिन थेट पोटातून रक्तात जातं. कॅम्प रविवारी होता का? शनिवारी रात्री काय जेवले ते विचार. पुन्हा टेस्ट करशील तेव्हा त्याच लॅबमध्ये कर, आदल्या दिवशी मटण-चिकन नको, जास्तीचा व्यायाम नको, पाणी नेहमीसारखं. ०.१ चा फरक आला तर नाचू पण नका आणि रडू पण नका, तेवढं इकडेतिकडे होतंच.

पाचपाखाडीची_अनु

@लाल_झाकण, खूप आभार, आईला वाचून दाखवलं. कॅम्प रविवारीच होता पण आम्ही शाकाहारी, मटणाचा प्रश्न नाही.

खारघरचा_गडी

हे माझ्याच बाबतीत झालं होतं म्हणून लिहितो. वय ३१, ऑफिसच्या हेल्थ चेकपमध्ये क्रिएटिनिन १.४, सूत्राने ईजीएफआर ६९. एचआरने पाठवलेल्या टेलिडॉक्टरने फोनवर "किडनी का प्रॉब्लेम है" सांगून टाकलं, पुढचं वाक्य नाही काही. मी रोज क्रिएटिन मोनोहायड्रेटचा स्कूप घ्यायचो, वर आदल्या संध्याकाळी डेडलिफ्ट. फिजिशियनने सप्लिमेंट बंद करायला लावलं, जिमला सुट्टी, मग परत क्रिएटिनिन, लघवी, आणि सिस्टॅटिन सी म्हणून एक टेस्ट. ते सिस्टॅटिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत बनतं, त्यामुळे दंड किती मोठे आहेत याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. ते नॉर्मल, लघवी पण क्लीन. महाग आहे टेस्ट पण माझ्यासारख्यांना उपयोगी. थायरॉइड किंवा स्टेरॉइड चालू असेल तर त्यातही गडबड होते असं सांगितलं होतं.

केमिस्टकाका

अनुताई, एकच विचारतो. बाबांचे गुडघे दुखतात का? आणि दुखले की काय घेतात?

पाचपाखाडीची_अनु

काका तुम्हाला कसं कळलं?? हो, गुडघे दुखतात. विचारलं तर आधी "काही नाही, पॅरासिटामॉल घेतो" म्हणाले. मग आईने ड्रॉवरमधून पट्टी काढून दाखवली, त्यावर एसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल दोन्ही लिहिलंय. फेऱ्या मारून आलं की एक, असं पावसाळ्यापासून जवळजवळ रोज चालू आहे म्हणे. कोणी लिहून दिली नव्हती, शेजारच्या काकांना लागू पडली म्हणून यांनी आणली.

केमिस्टकाका

कळायला काय, आयुष्य नौपाड्यात काउंटरमागे गेलं. साठीच्या पुढचा माणूस, शुगर, बीपी आणि क्रिएटिनिन वाढलेलं, यात दहातल्या निम्म्यांच्या ड्रॉवरमध्ये ही पट्टी सापडते (हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे). आणि सगळे म्हणतात पॅरासिटामॉल घेतो, कारण पट्टीवर तो शब्द मोठा दिसतो.

कसं होतं सांगतो. किडनीत जी गाळणी असतात, त्यांच्या आत येणारी एक बारीक रक्तवाहिनी आणि बाहेर जाणारी एक. आत येणारी उघडी ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं करतात. डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ही सगळी मंडळी नेमकी तीच द्रव्यं दाबतात, दुखणं त्यानेच थांबतं. मग आतला नळ बारीक. आता बाबांची बीपीची गोळी "सार्टन" वर संपणारी किंवा "प्रिल" वर संपणारी असेल तर ती बाहेरचा नळ मोठा करते. एरवी ते किडनीच्या फायद्याचंच आहे. पण आत येणारं कमी, बाहेर जाणारं मोकळं, वर जर लघवी जास्त करवणारी गोळी असेल तर शरीरात पाणीही कमी, अशी तिघांची युती झाली की गाळणीत प्रेशरच राहत नाही आणि क्रिएटिनिन वर जातं. तरुण धडधाकट माणसाला चार दिवस घेतलं तर सहसा काही होत नाही. पण शुगरवाल्या बाबांनी रोज?

ती पट्टी आजपासून बंद. गुडघे तसेच जास्त दुखले तर साधं पॅरासिटामॉल, एकटं, सांगितलेल्या डोसमध्ये. गुडघ्याला वरून लावायचं जेल चालतं, ते रक्तात फार कमी जातं. पण बीपीची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका हां, लोक भीतीने आधी तीच सोडतात.

निसर्गपुत्र

ॲलोपॅथीवाले नुसतं घाबरवतात. पुनर्नवा आणि गोखरूचा काढा सकाळ-संध्याकाळ, २१ दिवसांत क्रिएटिनिन खाली. आमच्या ओळखीत २.४ वरून १.७ झालंय. डाळ, दही, टोमॅटो सगळं बंद ठेवायचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

ओपीडी_नंतर

फिजिशियन आहे, ठाण्यातच. इथे कुणाची ट्रीटमेंट करत नाही, पण वरचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही.

@निसर्गपुत्र, तुमच्या ओळखीतल्यांचं २.४ वरून १.७ झालं असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांनी त्याच २१ दिवसांत दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या का? जुलाब होऊन गेले होते आणि पाणी भरून निघालं असं होतं का? आणि जेवण बंद करून स्नायू झडले तरी क्रिएटिनिन खाली येतं, किडनी होती तिथेच राहते. आकडा उतरला आणि माणूस वाळला, याला सुधारणा म्हणायचं का? दुसरं, कुठल्या पुडीत काय आहे हे न कळता घेऊ नका. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या वनौषधी घेऊन कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड असलेली वनस्पती मिसळलेली होती, आणि काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. पारा-शिसं असलेल्या भस्मांचं वेगळं. चांगले वैद्य स्वतःच क्रिएटिनिन बघून औषध देतात, व्यनितून पत्ता देत नाहीत.

आता अनु, तुझे प्रश्न. ढोबळपणे लोक ४८ ला ४८ टक्के म्हणतात, बोलायला ठीक आहे, पण त्यातला काही भाग वयाचाही आहे, साठीनंतर १०० सहसा नसतं. आकड्यावरून टप्पे पाडलेत: ६० च्या वर असेल आणि लघवी साफ असेल तर सहसा काळजी नाही, ४५ ते ५९ हा तिसऱ्याचा पहिला भाग, ३० ते ४४ तिसऱ्याचा दुसरा, १५ ते २९ चौथा, १५ च्या खाली पाचवा. बाबा ४८, म्हणजे ३ए. पण, आणि हा पण मोठा आहे, एका रिपोर्टवर कुणालाही किडनीचा जुनाट आजार म्हणत नाहीत. तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ बिघाड टिकला तरच. म्हणून जुने रिपोर्ट शोध. दोन वर्षांपूर्वी १.५ असेल तर गोष्ट वेगळी, आणि मागच्या वर्षी ०.९ असेल तर गोष्ट अगदी वेगळी.

आणि या अख्ख्या धाग्यात अजून कुणी न विचारलेली गोष्ट: लघवी तपासली का? पॅकेजमध्ये लिव्हर, व्हिटॅमिन, थायरॉइड सगळं असतं, आणि लघवीतला अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन)-क्रिएटिनिन रेशो बहुतेकदा नसतो. शुगरच्या पेशंटसाठी तोच सगळ्यात कामाचा. क्रिएटिनिन उशिरा बोलतं, जवळजवळ निम्मी गाळण्याची ताकद जाईपर्यंत ते रेंजमध्ये बसू शकतं. किडनी दान करणारे बघा ना, एक किडनी दिली तरी पुष्कळांचं क्रिएटिनिन रेंजच्या आसपासच असतं आणि ते मजेत जगतात. पण शुगरने गाळणीला भोकं पडायला लागली की अल्ब्युमिन लघवीत गळायला लागतं, ते कित्येकदा क्रिएटिनिन हलायच्या कितीतरी वर्षं आधी दिसतं. सकाळची पहिली लघवी द्यायची. ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० वाढलेलं, ३०० च्या वर बरंच वाढलेलं. ताप असताना किंवा लघवीचं इन्फेक्शन असताना करू नका, उगाच जास्त येतं. माझ्या मते हा आकडा माहीत नसेल तर १.६ वर चर्चा करणं म्हणजे अर्धाच रिपोर्ट वाचणं.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. शुगरवाले सगळे आपापल्या घरी विचारा रे, मी पण उद्या आईची देतोय.

ऐरोलीकर

सोनोग्राफी पण लिहा कुणीतरी. माझ्या सासऱ्यांचं गेल्या वर्षी क्रिएटिनिन ३.८ आलं होतं, आम्ही सगळे डायलिसिसच्या मानसिक तयारीत, सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. सोनोग्राफी केली तर मूत्राशय टम्म भरलेलं, प्रोस्टेट वाढून रस्ता अडलेला आणि लघवी मागे किडनीपर्यंत तुंबलेली. त्यांना रात्री चारचारदा उठावं लागत होतं, थेंब थेंब व्हायची, पण "वयाप्रमाणे होतं" म्हणून कुणाला सांगितलंच नव्हतं! नळी घातली आणि काही दिवसांत १.५ वर आलं. पुढे प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. आता गटारीला सगळ्यात पुढे असतात.

सिस्टर_नेरुळ

डायलिसिस युनिटमध्ये आहे. ज्या चुलतभावाने नंबर टाकला त्याला प्रेमाने सांगा की नुसतं क्रिएटिनिन बघून आम्ही कुणाला मशीनवर घेत नाही. ५ वाला माणूस चालत येऊन गोळ्यांवर सांभाळला जातो आणि कधी कधी ४ वाल्याला पोटॅशियम चढलं म्हणून घ्यावं लागतं. पोटॅशियम, अंगातलं पाणी, धाप, उलट्या, रक्तातलं ॲसिड हे सगळं बघून ठरतं. ४८ वाल्यांपैकी बरेच जण आयुष्यात आमच्या दारात येत नाहीत, नीट राहिले तर.

खाण्यापिण्यावर जरा लिहिते कारण तिथेच घोळ घालतात सगळे.

डाळ बंद करू नका हो. या टप्प्याला किलोमागे ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६ ग्रॅम. आपल्या शाकाहारी घरात वाटीभर वरण, दोन पोळ्या, भाजी, ताक एवढ्यात तिथपर्यंत पोचताना मारामार असते. त्यातली पण डाळ काढली तर माणूस खंगतो. प्रोटीन पावडर मात्र ठेवा कपाटात. पाच लिटर पाण्यानेही काही धुवून निघत नाही, तहानेप्रमाणे प्यायचं, उन्हाळ्यात जास्त. ज्यांना मुतखडे होतात त्यांना जास्त पाणी सांगतात, ते वेगळं. आणि ज्यांना सूज असते त्यांना उलट मोजून देतात.

मीठ हा खरा विषय. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचा, सगळं मिळून. भाजीत कमी घातलं तरी पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स यातून आत येतंच. इथे लोक हुशारी करून लो सोडियम मीठ आणतात. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं! किडनी बिघडलेल्या आणि सार्टनची गोळी चालू असलेल्या माणसाला तेच नको असतं. साधंच मीठ, कमी. शहाळ्याचं पण तसंच, "थंड असतं" म्हणून पेशंटला रोज शहाळं पाजणारी माणसं मी बघते, त्यात पोटॅशियम भरपूर. बाबांचं पोटॅशियम नॉर्मल असेल तर फळं बंद करायची गरज नाही, आधी तपासा मग ठरवा. फक्त एक फळ मी कुठल्याच किडनी पेशंटला खाऊ देत नाही, स्टारफ्रूट, कमरख, ते तिखटमीठ लावून गाडीवर मिळतं ना चांदणीसारखं कापलेलं. त्यात ऑक्झलेट असतं आणि मेंदूवर परिणाम करणारं एक विष पण असतं, चांगली किडनी ते बाहेर टाकते, बिघडलेली टाकू शकत नाही, मग न थांबणारी उचकी, भ्रम, फिट्स.

ज्यांच्या घरी चौथ्या टप्प्याचा पेशंट आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ज्या हाताने काम करत नाही त्या हाताच्या शिरा जपा, रक्त काढायचं, सलाइन लावायचं ते मनगटाच्या खाली, पंज्यावर. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडतात तो) तयार व्हायला आठवडे जातात, ऐनवेळी केला तर मानेत नळी घालून काढावे लागतात ते दिवस. आणि पैशांची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, केंद्राचा डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे. कागदपत्रं आधी करून ठेवा, रेशनकार्डवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून लोक खिडकीवर रडताना बघवत नाही.

कोपरीचा_बंड्या

सिस्टर, स्टारफ्रूटचं माहीतच नव्हतं, शाळेबाहेर किलोने खाल्लंय. पावसाळ्याचं पण एक जोडतो, आमच्याकडे गुडघाभर पाणी तुंबतं तेव्हा त्यातून चालत गेल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल असं झालं तर लेप्टो (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, त्यात किडनी बसते पटकन. मित्राची बसली होती, वेळेवर उपचार झाले म्हणून पूर्ण परत आली. अशा तापात पण लोक आधी डायक्लोफेनॅकच घेतात.

पाचपाखाडीची_अनु

अपडेट, सगळ्यांचे वेगळेवेगळे आभार मानायला जमणार नाही.

जुनी फाइल सापडली, माळ्यावर होती. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन १.२. म्हणजे तेव्हाच वरच्या टोकाला होतं आणि कोणी काही बोललं नव्हतं. एसेक्लोफेनॅकची पट्टी आईने त्याच दिवशी ताब्यात घेतली, बाबा दोन दिवस कुरकुरले. गुरुवारी डॉक्टर भेटले, त्यांनी लगेच काही केलं नाही, थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले आणि मग क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीचा रेशो आणि सोनोग्राफी एकदम केलं. क्रिएटिनिन १.४, ईजीएफआर ५७. पोटॅशियम ४.६. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या साइजने ठीक, कुठे अडथळा नाही. पण लघवीचा रेशो १८०. तिथे डॉक्टर थांबले, म्हणाले १.६ मधला एक भाग गोळ्यांचा होता तो गेला, पण हे १८० शुगर-बीपीचं आहे आणि खरं काम इथे आहे.

बीपीची गोळी आत्तापर्यंत अम्लोडिपिन होती, त्याच्या जोडीला टेल्मिसार्टन दिलंय. पुढच्या भेटीत डापाग्लिफ्लोझिन सुरू करू म्हणाले, शुगरची गोळी आहे पण किडनीसाठी पण आहे असं. शुगरचं मेटफॉर्मिन चालू ठेवलंय. डोळ्यांचा पडदा तपासायला सांगितलाय.

ओपीडी_नंतर

चांगल्या हातात आहात. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो म्हणजे परत फॅमिली ग्रुप पेटायला नको. टेल्मिसार्टनने गाळणीतलं प्रेशर कमी होतं, त्यामुळे सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं चढू शकतं. ३० टक्क्यांपर्यंत चढलं तरी सहसा गोळी चालू ठेवतात, १.४ चं १.६ झालं तर "गोळीने किडनी खराब केली" असं म्हणून बंद करू नका. डापाग्लिफ्लोझिननेही तसंच, आधी किंचित घसरण आणि मग वर्षानुवर्षं उतार मंद. २०२०च्या डापा-सीकेडी अभ्यासात हेच दिसलं, आणि शुगर नसलेल्या किडनी पेशंटनाही फायदा झाला. आता भारतात त्याच्या जेनेरिक गोळ्या मिळतात, परवडतात. लघवीच्या जागी खाज किंवा जळजळ झाली तर लाजू नका म्हणावं, सांगा.

दुसरं, उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं बंद झालं, तर या दोन्ही गोळ्या आणि मेटफॉर्मिन त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात. डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या आणि फ्रीजवर लावा. सीटी स्कॅनला रंगाचं इंजेक्शन देणार असतील तर ईजीएफआर सांगायचा.

खारघरचा_गडी

डॉक, माझं सिस्टॅटिन नॉर्मल आलंय, तर क्रिएटिन परत सुरू करू का?

ओपीडी_नंतर

निरोगी माणसाला नेहमीच्या डोसने किडनीला इजा होते असं दिसलेलं नाही. पण घेत असाल तर पुढच्या प्रत्येक चेकपला तसं आधी सांगा, नाहीतर परत तोच टेलिडॉक्टर. लघवी वर्षातून एकदा.

केमिस्टकाका

अनुताई, टेल्मिसार्टन सुरू झालंय म्हणजे एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत करायला सांगितलं असेल ना? तेच लोक विसरतात, गोळी सहा महिने घेतात आणि टेस्ट नाही.

पाचपाखाडीची_अनु

हो काका, चिठ्ठीवर आहे, पुढच्या सोमवारी देतोय, त्याच लॅबमध्ये. लघवीचा रेशो तीन महिन्यांनी परत. गुडघ्यासाठी फिजिओ सुरू केलंय, मांडीचे व्यायाम दिलेत, बाबा ते टीव्हीसमोर बसून करतात आणि दहाच्या जागी सहा मोजतात. आत्या काल आल्या होत्या, वरणाची वाटी बघून भुवया वर गेल्या, आईने न बोलता त्यांच्या पानातला पापड उचलून बाजूला ठेवला.

लाल_झाकण

सोमवारी गर्दी असते, साडेसातच्या आत जा.